उतरायचे कपडे

कामिनीची यादी मोबाईलवर आली तेव्हा मला आधी वाटलं, झाडीपट्टीतल्या वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीनं पात्रांचे कपडे शिवायला टाकलेत. पायघोळ ड्रेस दोन, एक मोरपंखी, एक काळा. हे जहाजावरच्या 'फॉर्मल नाईट'साठी. एक नखशिखांत पांढरा, कारण एका रात्री तिथं सगळ्यांनी पांढरंच घालायचं असतं. सैल पँटी चार, खिशाला चेन हवीच, तिकडे पाकीटमार फार. स्टोल तीन, उघड्या खांद्यांनी चर्चमध्ये घेत नाहीत म्हणून. पोहायच्या कपड्यांवरून घालायचे झगे दोन. संध्याकाळी जेवायला जाताना घालायचे टॉप सात. एकूण नग एकोणीस.

पुण्यात शिंपी नाहीत असं नाही. पण कामिनीच्या लग्नाचे ब्लाऊज मी शिवले होते, तिचं माप माझ्या वहीत होतं, आणि पुण्यातल्या बुटीकवाल्याला जे म्हणता येत नाही ते तुमसरच्या शकुनकाकूला, म्हणजे मला, म्हणता येतं: "काकू, दिवाळीच्या आत द्याल ना प्लीज."

त्याच यादीच्या खाली, एक ओळ सोडून, 'आईंसाठी' असं लिहिलं होतं. मॅक्सी चार, सुती, गळा बंद, समोर दोन मोठे खिसे. अस्तराचं जाकीट एक, खोलीत एसी कडक असतो. नग पाच. आणि शेवटी: 'साडी नको, बॅगेला किलोचं लिमिट आहे.'

आई म्हणजे तिची सासू कुंताबाई. धानाचे व्यापारी यादोराव यांची बायको, आमच्याच गल्लीत राहणारी. युरोपच्या समुद्रात फिरणारं जहाज तेच, दिवस तेच नऊ. एकीला एकोणीस नग लागतात, दुसरीला पाच. हिशेब मला त्याच दुपारी लागला होता, पण कापड कापताना मी तोंड बंद ठेवते. तोंडात टाचण्या असतात.

कुंताबाई दुसऱ्या दिवशी दुकानात आली ती पिशवीत कोसा रेशमाची साडी घेऊन. आंधळगावच्या विणकराकडून स्वतः जाऊन आणलेली, पिकल्या धानाच्या रंगाची.

"शकुन, याच्यावर ब्लाऊज शिव. बाह्या कोपरापर्यंत."

"काकू, कामिनीनं साडी नको म्हटलं आहे."

"थे वजनाचं म्हणून राहिली. अंगावर घातली त वजन कोन मोजते?"

"कुठं घालणार?"

"उतरतानी." मग तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "बारसिलोना. मारसेल. जिनोवा. नेपल्स. मेसिना. वालेटा. पाल्मा. सात गावं लागतेत वो. जहाज सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. पोरानं, राजकुमारनं, मोबाईलवर धाडलं थे सारं मी पायलं आहे."

"मग काय पाहणार तिकडं? महाल का चर्च?"

"महाल गेले चुलीत. मले तिथला बजार पायचा आहे. बाया भाजी कशी इकतेत, कोन भाव कसा करते, खाली बसतेत का उभ्या राहतेत. घडीभर एका कोपऱ्यात बसायचं अन् पायचं. बस."

पासष्ट वर्षांच्या बाईच्या प्रवासाचा तपशील मला पाठ होता. रामटेक दोनदा. अंबागड एकदा, तेही अर्ध्या चढावरून परत, कारण यादोरावांना चहाची वेळ झाली. पुणं दोनदा. एकदा कामिनीच्या बाळंतपणाला, एकदा नातीच्या, गुड्डीच्या, दात येण्याला. तिनं पाहिलेलं पुणं म्हणजे एक गॅलरी आणि एक कुकर. व्हिसाच्या ठशांसाठी बोटं काचेवर ठेवली तेव्हा साहेबानं विचारलं, काय काम करता? ती म्हणाली, "काईच नाई, साहेब. मोकळीच आहो." हे ती गल्लीत हसून सांगायची.

यादोराव जाणार नव्हते. धान बाजारात यायचे दिवस, आणि तिकीटही एकटीचंच आलं होतं. त्यांना विचारलं होतं का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

मी ब्लाऊज शिवला. यादीत नसलेला पंचविसावा नग.

आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत जे जायचं ते आधी दिवाणावर मांडतात. गल्लीतल्या बायका येतात, कापड चिमटीत धरून बघतात, काठ उलटून पाहतात, चहा पितात, आणि घरी जाऊन नावं ठेवतात. कुंताबाईला एकच मुलगा. मांडायची हौस राहून गेलेली. म्हणून तिनं जहाजाचं सामान मांडलं. सगळं शिवून तयार होतं, तिच्या मोठ्या बॅगेत भरायचंच होतं. त्याआधी एक दुपार गल्लीला बोलावलं. मीही गेले. माझंच काम मांडलेलं, पाहायला नको?

दिवाणाच्या डाव्या बाजूला कामिनीचा ढीग. मधे गुड्डीचं: फ्रॉक, स्वेटर, दुपटी, दुधाच्या बाटल्या, सर्दीचं तेल, नाचणीच्या पिठाचे डबे. उजवीकडे कुंताबाईच्या चार मॅक्सी घड्या करून, त्यावर जाकीट, आणि सगळ्यांच्या वर कोसा, पदर बाहेर काढून.

पंचफुला समोरच्या घरातली. तिची जीभ तिच्या पायांच्या आधी दारातून आत येते.

"हे कोनाचं वो, मोरासारखं?"

"कामिनीचं. जेवाले बसतेत तवाचं."

"जेवाले? एवढं पायात गुंतन त ताटावर पडन ना. अन् हे चेनचे पँट?"

"थेही तिचे. गावात फिरतानीचे."

"अन् तुह्यं?"

कुंताबाईनं मॅक्सीवरून हात फिरवला. "हे."

"मॅक्सी घालून बारसिलोनात जाशीन? तिकडचे पोलीस म्हणतीन, ही बाई दवाखान्यातून पळून आली."

बायका हसल्या. कुंताबाई सगळ्यांत जास्त हसली. "तिकडं सारं चालते वो. लोकं चड्ड्यांवर फिरतेत."

इथं गोष्ट संपली असती. चहा आला असता, बिस्किटं आली असती. पण मला माझा हिशेब सांगायचा होता. गेले पंधरा दिवस तो माझ्यापाशी पडून होता, आणि एवढ्या बायका पुन्हा एकत्र कधी मिळणार?

"काकू," मी म्हटलं, "तुमच्या ढिगात उतरायचं एकही कापड नाही. कामिनीच्या ढिगात सात दिवसांचं बाहेरचं आहे. तुमचं सारं खोलीतलं आहे. समोर दोन मोठे खिसे कायले सांगितले असतीन? एकात गुड्डीचा रुमाल, एकात तिची बाटली. अन् ही बॅग तुमच्या नावची, पण तेवीस किलोत तुमचं तीन किलो भरत नाही."

पंचफुलानं हातातला स्टोल हळूच खाली ठेवला.

कुंताबाईनं दिवाणाकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे, एकेक नग. पंधरा दिवस ती हे कपडे बघत होती आणि आज पहिल्यांदा मोजत होती. मग तिनं फोन लावला. फोन ती नेहमी स्पीकरवरच लावते. त्याशिवाय आवाज पुण्यापर्यंत पोचत नाही असं तिचं मत आहे.

"राजकुमार, जहाज गावाले लागन तवा मी काय घालू?"

"म्हणजे?"

"उतराले."

"अगं आई, तुला कुठं उतरायचंय?" पोराचा आवाज गोड होता, खोटं बोलावं असं त्याला वाटलंही नाही. "एवढं चालणं होणारे का तुला? आणि गुड्डीची दुपारची झोप असते. तू आपली खोलीत आरामात. मुद्दाम खिडकीवाली घेतलीये, समुद्राकडची."

मागून कामिनी म्हणाली, "आई, जेवणसुद्धा खोलीत येतं. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही. माझ्या मैत्रिणी तर म्हणतात, तुझ्या सासूबाईंची मज्जा आहे."

"सात गावं आहेत न?" कुंताबाई म्हणाली. "सातातलं एक मले दे. त्या दिवशी तुमच्यातलं कोनी गुड्डीपाशी बसा."

राजकुमार म्हणाला, "बघू ना आई. तिथं गेल्यावर बघू."

हा शब्द त्या घरात मी पुष्कळदा ऐकला आहे. माहेरी भावाच्या घरभरणीला जायचं होतं तेव्हा यादोराव म्हणाले होते, बघू. डोळ्याचं ऑपरेशन, बघू. अंगणात नळ, बघू. नळ अजून गल्लीतच आहे.

"आता पाय," कुंताबाई म्हणाली. "मी फोन धरून आहो."

"आई, सातही दिवसांच्या ट्रिपा बुक झाल्यात आमच्या. ग्रुपच्या आहेत, कॅन्सल नाही करता येत."

बाहेरच्या खोलीतून यादोराव ओरडले, "कायले पोराचं डोकं खाऊन राहिली? काय ठेवलं आहे तिकडं? दगडं!"

"मंग मी नाई येत," कुंताबाई म्हणाली आणि लाल बटण दाबलं.

पंचफुलानं माझ्या मांडीवर थाप मारली. दोघीतिघी म्हणाल्या, बरं केलं. एकीनं कुंताबाईला पाणी दिलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवलं पाहिजे. एका बाईची दातखीळ उघडली, आणि ती माझ्या बोलण्यानं उघडली.

पुढचे चार दिवस फोन येत राहिले. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे राजकुमारनं तीनदा सांगितलं. कामिनी रडली. गुड्डीचा 'आजी, ये' म्हणणारा व्हिडिओ आला. तो कुंताबाईनं अकरा वेळा पाहिला आणि तरी नाही म्हणाली. गल्लीतल्या बायका रोज विचारत, "काय झालं वो?" आणि ती "नाई म्हटलं त नाई" म्हणाली की आम्ही सगळ्या ताठ मानेनं घरी जात होतो. नाही म्हणायला तोंड तिचं लागत होतं, मान आमची.

तिला काय वाटत होतं ते तिनं मला एकदाच सांगितलं. "पोरगं अडलं आहे. अडलं म्हणजे देईन एखादं गाव. नेपल्स नाई त मेसिना. लहानसं आहे म्हणतेत."

पाचव्या दिवसापासून फोन थांबले. आठव्या दिवशी नागपूरहून टॅक्सी आली. राजकुमार उतरला, खांद्यावर झोपलेली गुड्डी. मी कामिनीच्या एका टॉपची कड दुरुस्त करून द्यायला गेले होते, म्हणून समोरच होते.

मला वाटलं, आता आवाज चढेल. तो चढला नाही. राजकुमार आईच्या पाया पडला. "बरंच झालं आई," तो म्हणाला. "आम्हीच मूर्ख. जहाजावर तू कंटाळली असतीस, हिलाही कोंडल्यासारखं झालं असतं. इथं तिला अंगण आहे, आजोबा आहेत. कामिनी पण म्हणाली, हे आधीच सुचायला पाहिजे होतं."

गुड्डीला त्यानं दिवाणावर, नाचणीच्या डब्यांशेजारी निजवलं. कामिनीचे एकोणीस नग माझ्याकडून मोजून घेतले, स्वतःच्या बॅगेत भरले. चहा घेतला. टॅक्सी थांबलीच होती.

यादोराव म्हणाले, "आता कसं अकलेचं काम केलं."

टॅक्सी वळेपर्यंत कुंताबाई दारात उभी होती, मग आत गुड्डी उठली.

मी चार दिवस त्या घराकडे फिरकले नाही. दिवाळीची शिवणं होती, हे खरं; आणि नसती तरी गेले नसते, हेही खरं. पाचव्या दिवशी पंचफुला दुकानात येऊन म्हणाली, "गेली असती त बरं होतं बिचारी. निदान खिडकीतून त समुद्र पायला असता." तीच पंचफुला, जिनं माझ्या मांडीवर थाप मारली होती.

दुपारी गेले. कुंताबाई गुड्डीला मांडीवर घेऊन नाचणीची पेज भरवत होती. भिंतीला टेकून बसली होती, गुडघा सुजलेला.

"बस, शकुन."

बसले. म्हटलं, "गुड्डी रुळली."

"हाव. रातभर मायले बोलावते." तिनं चमचा पुसला. "तू लय हुशार आहे, शकुन. कपडे पाहून तुले समजलं. मले नाई समजलं त मी सुखात होती."

"काकू, मी तुमच्या भल्यासाठी..."

"भल्यासाठीच वो. मूर्खासारखी गेली असती त जहाजावर असती. खोलीत असती, पण खोली त तिकडं असती." ती रागावली नव्हती. "एखाद्या दिवशी पोरगी लवकर झोपली असती. कोनाले दया आली असती. कोनाचं पोट दुखलं असतं त तो खोलीत राह्यला असता, मी उतरली असती. नऊ दिवस होते. नऊ दिवसात काईबी होते. आता काईच होत नाई."

हे तिनं मोजून ठेवलं होतं. माझ्यापेक्षा नीट.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. कुंताबाईनं हात पदराला पुसून तो उचलला, आणि छोट्या काचेत एकदम निळं उघडलं. डोंगर होता, त्याच्या अंगावर एकावर एक रचलेली घरं होती. खाली धक्क्याजवळ छत्र्या, आणि छत्र्यांखाली काहीतरी मांडून बसलेली माणसं. कुंताबाई पुढे झुकली.

"आई, बघा बघा! नेपल्स!" कामिनीचं तोंड काचेत आलं, खांद्यावर माझा शिवलेला स्टोल.

गुड्डीनं आईला ओळखलं. "मम्मा" म्हणाली, काचेवर हात आपटला, मम्मा बाहेर येईना म्हणून पुन्हा आपटला, आणि मग अशी किंचाळली की पेजेचा वाडगा उलटला.

"अरे, अरे, तिला नका दाखवू, आई! मला बघून रडते ती."

कुंताबाईनं फोन दिवाणावर पालथा घातला आणि गुड्डीला खांद्यावर घेऊन उभी राहिली. फोनखालून कामिनीचा आवाज येत होता, "माझं तोंड नाही, बाजार दाखवते तुम्हाला! थांबा, कॅमेरा फिरवते. दिसतंय का, आई? दिसतंय का?"

"हाव," कुंताबाई पोरीच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "दिसते."