उसनी काठवट

यामिनाने मला घडवून घेतले, तिची लेक तामानी माझ्यात कुसकुससाठी, म्हणजे वाफवून खायच्या बारीक दाण्यांसाठी, रवा वळत म्हातारी झाली आणि तामानीच्या लेकीने, झुलीखाने, मला उसने दिले. मित्रांनो, मी मगनिया गावची जुनी काठवट आहे. अक्रोडाच्या एका खोडातून कोरलेली, लग्नाच्या पंगतींसाठीच बाहेर निघणारी. माझ्या बुडावर यामिनाने तापल्या सळईने चंद्रकोर डागली. शेजारीपाजारी फिरणारे भांडे ओळखू यावे लागते.

सीमेपलीकडच्या उजदा शहरातील मेबार्काने मुलाच्या लग्नासाठी मला नेले. "शुक्रवारी परत आणते, भरून आणते," असे तिने झुलीखाला सांगितले. आमच्याकडे उसने भांडे रिकामे परत जात नाही. त्याच आठवड्यात दोन्ही देशांमधली सीमा बंद झाली. तो शुक्रवार तीस वर्षे उगवला नाही.

मेबार्काने मला तेल लावून जपले. एकदा सून म्हणाली, "आता ही आपलीच की, आई!"

"जीभ आवर. पाहुणी आहे ती."

पुढे तिसऱ्याच देशात, दोन्हीकडच्यांना जाता येईल अशा ट्युनिसमध्ये, अनेक देशांच्या सामायिक वारशाचे प्रदर्शन भरले. मेबार्का मला स्वतः घेऊन गेली. माझ्या पाटीवर मालकीण म्हणून स्वतःचे नाव पाहताच तिने व्यवस्थापिका हयेतला गाठले.

"पाटी बदल. 'मगनियाच्या झुलीखाची, उसनी' असं लिही."

"आजी, संग्रहालयात असं लिहीत नाहीत हो."

"मग मी हिला उचलते आणि निघते."

पाटी बदलली. काचेआड माझे केवळ तोंड दिसे. मात्र माझी सर्व बाजूंनी छायाचित्रेही घेतली होती, त्यामुळे घरबसल्या कोणीही मला पडद्यावर पालथी करू शके. मगनियात झुलीखाच्या लेकीने, नसीराने, फोनवर तेच केले. चंद्रकोर दिसली. प्रदर्शनाच्या नवव्या दिवशी नसीरा ट्युनिसला येऊन मेबार्कासमोर उभी राहिली.

"मावशी, मी झुलीखाची नसीरा."

"बाई गं! झुलीखा कशी आहे?"

"गुडघे गेले, तोंड शाबूत आहे. मला म्हणाली, मेबार्का कुठला शुक्रवार सांगून गेली होती, तेवढं विचारून ये."

मेबार्का हसली आणि डोळे पुसून हयेतकडे वळली. "प्रदर्शन संपलं की काच उघड. मला रवा हवाय."

"आजी, हा वारसा आहे! यात कोणी शिजवतं का?"

"यात शिजवत नाहीत, वळतात. एवढं ठाऊक नाही आणि वारसा सांगतेस!"

समारोपानंतर तीन दिवस मेबार्काच्या सुरकुतलेल्या हातांनी माझ्यात रवा वळला, उन्हात वाळवला आणि मला काठोकाठ भरले. वळताना हयेतही शेजारी बसली होती; बाह्या सरसावून.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, तेल लावा, त्यांची चित्रे जपा. पण त्या कोणाच्या हातून आल्या, हे विसराल तर ती सारी निगा फुकट आहे, हे मी बजावून सांगते.

नसीराने मला मोटारीने मगनियाला नेले. झुलीखाने दाण्यांत मनगटापर्यंत हात खुपसला आणि माझ्या बुडाला बोटे टेकवली.

"भरलेली आहे," ती म्हणाली. "सांग तिला, फिटलं."