उशीतली हवा

"आप्पा, जरा सरका बघू," म्हणत अंबरीषने बॅगेवर गुडघा रोवला आणि चेन ओढली. चेन अर्ध्यावर येऊन अडली. त्याने झाकण उघडलं, वर ठेवलेली हवेची उशी काढून गादीवर टाकली आणि पुन्हा ओढली. चेन सर्रकन लागली.

"म्हणजे सगळं घोडं या उशीपाशी अडलं होतं. हवा काढू या हिची, कुठंही मावेल."

आप्पांनी उशी उचलून मांडीवर घेतली. "राहू दे. मी हातात नेईन."

"विमानतळावर उशी मिरवत? लहान आहात का आता?"

स्वयंपाकघरातून मैथिली म्हणाली, "आप्पा, जुनी झालीय हो ती. उद्या प्लास्टिकच्या कचऱ्याचा दिवस आहे, देऊ टाकून? स्टेशनसमोर छान नवी मिळते."

"नको म्हटलं ना!"

आवाज इतका चढला की आप्पा स्वतःच वरमले. महिनाभर जपानमधल्या फुनाबोरीच्या या फ्लॅटमध्ये सुनेला ते एका शब्दाने बोलले नव्हते. आणि आज, निघायच्या आदल्या दिवशी, एका उशीपायी!

पण सांगणार तरी काय? आप्पांना दमा तरुणपणापासूनचा, म्हणून प्रवासात उशी फुगवायचं काम त्यांच्या पत्नीचं, ज्योत्स्नाबाईंचं. "तुमचा भाता राहू द्या, मी आहे," म्हणायच्या आणि गाल असे फुगवायच्या की शेजारच्या बाकावरची मुलं खिदळायची. गेल्या दिवाळीत गणपतीपुळ्याला जाताना एसटीत त्यांनी ही उशी फुगवली. परत आल्यावर आठवड्याभरात, देवापुढे वात लावता लावता, त्या गेल्या. जपानचा व्हिसा हातात आला होता. पोराचं घर बघायचं, त्याच्या ओट्याशी उभं राहून त्याला एकदा थालीपीठ करून घालायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

दिवस झाल्यावर कपाटावर ही उशी दिसली. घट्ट, तशीच. आप्पांनी बूच काढायला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तेव्हापासून ती त्यांच्याजवळच होती. येताना विमानात ती टम्म फुगली तेव्हा फुटते की काय या भीतीने त्यांचा जीव नुसता वरखाली झाला होता. हे कुणाला सांगायचं? म्हातारा खुळावला म्हणतील.

चिडलेले वडील बघून अंबरीषने विषय बदलला. "चला, एक गंमत दाखवतो. तुमच्यासाठीच आणून ठेवलीय."

त्याची कंपनी एका संशोधन संस्थेच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सांभाळायची. तिथले शास्त्रज्ञ मोरितासान यांनी त्याला अंटार्क्टिकातल्या बर्फाचा लिंबाएवढा तुकडा दिला होता. मोहिमेहून आलेली माणसं असे तुकडे वाटतात, आपल्याकडे काशीहून आलेले गंगा वाटतात तसे. अंबरीषने फ्रीजरमधून तो काढला, पाण्याच्या ग्लासात सोडला आणि ग्लास आप्पांच्या कानाशी धरला.

टिक्. टिक् टिक्.

"अगंबाई, हे काय तडतडतंय?" मैथिली हात पुसत आली.

"हवा. हजारो वर्षांपूर्वी बर्फ पडला, त्यात अडकलेली. आता सुटतेय. तिकडे तीन किलोमीटर खोल बोअर मारलीय, आप्पा."

"आमच्या सोसायटीची साडेतीनशे फुटांवर कोरडी गेली. यांना लागलं का पाणी?"

अंबरीष हसला. "पाण्यासाठी नाही हो, हवेसाठी. बर्फाचे लांब दांडे काढतात आणि त्यातली हवा मोजतात. त्या काळी पृथ्वी किती तापली होती, किती गारठली होती, सगळं कळतं. फक्त दांड्याला तडा जाता कामा नये. आजची हवा आत शिरली की सगळ्या कष्टांवर पाणी."

 आप्पांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "प्लास्टिकात किती टिकते रे हवा?"

"प्लास्टिकात? छे! कितीही घट्ट बूच लावा, झिरपतेच. वर्षभरात चपटं. का हो?"

आप्पांनी उशी अंगठ्याने दाबली. दिवाळीत दगडासारखी होती. आता अंगठा खोल रुतला. हे त्यांना दिसत नव्हतं असं थोडंच होतं? विमानात ताणून सैल पडली असेल, असं ते रोज स्वतःला सांगत होते. 

"आणि ही हवा," त्यांनी ग्लासाकडे बोट केलं, "ही कुठं गेली?"

"कुठं जाणार? इथंच, या खोलीत. आपण घेतोय की श्वासात."

आप्पांनी मांडीवरची उशी सरळ केली.

"मैथिली, ते बाल्कनीचं दार लाव गं. आणि ये, बस इथं."

"आप्पा, उकडेल—"

"लाव, बाळ."

ती दार लावून बसली. आप्पांनी उशीचं बूच काढलं. बारीक सुस्कारा सुरू झाला. लवकर आटपावं म्हणून अंबरीषने दाबायला हात पुढे केला.

"दाबू नकोस. हळूहळू येऊ दे." आप्पा म्हणाले. "तुझ्या आईने फुगवली होती. एसटीत."

अंबरीषचा हात तसाच राहिला.

"तिला तुझं घर बघायचं होतं रे."

ग्लासात बर्फ तडतडत होता, उशी चपटी होत होती. अंबरीषने डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला, सोडवेना इतका वेळ धरून ठेवला. मैथिलीचे डोळे भरून आले. सवयीने तिचा हात दार उघडायला गेला आणि तिथेच थांबला.

उशी रिकामी झाली. आता तिची घडी पानाच्या डब्याएवढी झाली असती. अंबरीष ती घालूही लागला.

"घडी काय घालतोस?" आप्पांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "फुगव."

"आप्पा... बॅगेत नाही मावणार."

"न मावू दे. मिरवत नेईन. मला पुण्यात पुरायला हवी, घट्ट फुगव."

अंबरीषने तोटी पुसली नाही, तशीच ओठांना लावली. त्याला पहिली फुंकरच मारता येईना.

"दमानं," आप्पा म्हणाले. "घाई नाही."