पास झालेली नवरी

“अंथरूण?” दिलारा आपांनी विचारलं.

“मेक!” सगळ्या एका सुरात ओरडल्या.

“भांडी?”

“डू!”

“आंघोळ?”

“टेक!”

“अंथरुणाला ‘मेक’च का, ते विचारू नका. इंग्रजांनाही ठाऊक नाही. पाठ करा आणि व्हा मोकळ्या.”

बांगलादेशातल्या सिल्हेटच्या जिंदाबाजारात, साडीच्या दुकानाच्या वर आपांचा वर्ग भरतो. त्या मंगळवारीही खोलीत दाटीवाटीने नव्या नवऱ्या बसल्या होत्या. हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. या मुलींचे नवरे विलायतेत. नवरा बर्मिंगहॅमला राहो की ओल्डहॅमला, आमच्याकडे तो ‘लंडनी’च. बायको रोजच्या वापरातल्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत पास झाली नाही तर तिला तिकडचा व्हिसा मिळत नाही. त्यामुळे निकाह मौलवी लावत असले तरी संसार सुरू करून देतात त्या दिलारा आपा.

वर्गात शिरीन नावाची एक मुलगी होती. तिने उत्तरं क्रमाने पाठ केली होती. पहिल्या प्रश्नाला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. आपांनी मुद्दाम प्रश्न उलटसुलट विचारले की ‘वय काय?’ याला ती ‘मला मासे आवडतात’ असं ठणकावून सांगायची. सगळ्या हसून लोटपोट व्हायच्या, शिरीनसुद्धा.

लुत्फाचं तसं नव्हतं. एकोणीस वर्षांची ही मुलगी शब्द जोडीनेच लक्षात ठेवायची. कुठल्या कामाच्या मागे कुठलं क्रियापद लागतं हे तिला विचार न करता सुचायचं. त्या दिवशी आपांनी दुखण्याखुपण्याची वाक्यं शिकवली. ताप येणे, पाय मुरगळणे, हात मोडणे. “शुक्रवारी नवऱ्याचा फोन आला की यातलं एखादं बोलून बघा,” त्या म्हणाल्या. “घाबरेल बिचारा. तेवढीच गंमत.”

लुत्फाचे अब्बा, मोशाहिद मियाँ, एका लंडनी कुटुंबाच्या घराची राखण करत. पुढे संगमरवरी जिन्यांचं दुमजली घर, वर्षभर कुलपात. मागच्या दोन खोल्यांत लुत्फाचं कुटुंब. त्या घराच्या मालकीणबाईंनी, सगळ्यांच्या हाजी-बीबींनी, आपल्या मुहीतसाठी लुत्फाला मागणी घातली तेव्हा मोशाहिद मियाँना आभाळ ठेंगणं झालं. मालकाने राखणदाराशी सोयरीक करावी, हे आमच्या भागात कुणी ऐकलं नव्हतं. निकाहासाठी मुहीत चार दिवस आला, मांडवात मान खाली घालून बसला. आईने त्याचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. लोक म्हणाले, किती लाजाळू. इथलं अन्न बाधेल म्हणून आई त्याला लगेच परत घेऊन गेली. नवरी मागाहून, व्हिसा आला की, जायची होती.

शुक्रवारी चारच्या सुमारास फोन आला. अम्मांनी डोक्यावर पदर घेतला, अब्बा खुर्ची ओढून बसले. पडद्यावर मुहीतचा गोल, स्वच्छ दाढी केलेला चेहरा.

“हॅव यू हॅड युवर डिनर?” त्याने विचारलं. दुपारी चारला रात्रीचं जेवण झालं का म्हणून तो दर वेळी विचारायचा आणि घरातल्यांना त्याचं केवढं कौतुक.

“काळजी बघ जावयाची,” अब्बा कुजबुजले.

लुत्फाला आपांची गंमत आठवली. “माझा हात मोडलाय,” ती इंग्रजीत म्हणाली. हात धडधाकट होता, त्याच हातात तिने फोन धरला होता.

“व्हेरी गुड,” मुहीत म्हणाला. “टेक केअर.”

तिला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा सांगितलं, हळू, स्पष्ट. तो हसला. “व्हेरी गुड. टेक केअर.”

हे तिने रोज ऐकलं होतं. हे शिरीनचं बोलणं होतं. पाठ केलेलं, क्रमाने म्हटलेलं, समोरच्याने काय विचारलं याच्याशी काडीचाही संबंध नसलेलं. कुणीतरी मुहीतलाही वाक्यं घोकायला लावली होती.

मग तो पडद्याबाहेर बघून म्हणाला, “कॅन आय हॅव माय टोस्ट नाउ?” आता टोस्ट खाऊ का? एवढं एकच वाक्य त्याचं स्वतःचं होतं. ते म्हणताना पस्तिशीतल्या त्या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

मागून त्याची बहीण रिपा इंग्रजीत आईला सांगत होती, “ही आली की त्याला सांभाळणाऱ्या बाईला बंद करू. आंघोळ ही घालेल, रात्री उठणंही हीच करेल.”

“फोन चालू आहे गं,” हाजी-बीबी आपल्या बोलीत म्हणाल्या.

“तिला काय कळतंय,” रिपा इंग्रजीतच म्हणाली.

लुत्फाला सगळं कळलं होतं. क्रियापदांसकट.

संध्याकाळी चुलीपाशी तिने अम्मांना ते सांगितलं. अम्मा कालवणात घालायला सातकोरा लिंबाची साल चिरत होत्या. विळी थांबली नाही.

“अम्मा, ऐकलंस ना? त्यांना बाळासारखं सांभाळावं लागतं.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“लहानपणी उन्हाळ्यात यायचा इथे. तुझे अब्बाच त्याला खांद्यावर घेऊन फिरवायचे.” अम्मांनी वर पाहिलं नाही. “गोड पोरगा आहे तो.”

“मग मला सांगितलं का नाही?”

उत्तर दारातून अब्बांनी दिलं. “सांगून काय झालं असतं? पिणार नाही, मारणार नाही, दुसरी करणार नाही. गावात एकीचा तरी नवरा असा आहे का, दाखव मला.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि नाही म्हटलं तर या खोल्या उद्या रिकाम्या कराव्या लागतील. तुझ्या अम्माला घेऊन मी कुठे जाऊ, तूच सांग.”

माणूस वाईट नव्हता. मुलीचा सौदा करणारे बहुतेक बाप वाईट नसतातच, म्हणून तर ही रीत टिकून आहे. त्याने मुलीला विचारलं नाही आणि हाजी-बीबींनी मुलाला विचारलं नाही. त्या लेकराला लग्न म्हणजे काय हेसुद्धा कळत नाही, त्याच्या नावावर एक बिनपगारी दाई बांधून घ्यायची आणि तिला सून म्हणायचं. आमच्याकडे याला खानदानी माणसं ‘सोय’ म्हणतात. मला तरी याला दुसरं नाव सुचतं, ते कागदावर लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर लुत्फा मागे थांबली.

“आपा, मला नापास व्हायचंय.”

दिलारा आपांनी फळा पुसता पुसता सगळं ऐकलं. त्यांच्या मागे भिंतीवर पास होऊन विलायतेला गेलेल्या मुलींचे फोटो होते. त्यांनी आजवर मुलींना इंग्रजीत ‘नवऱ्याचं वय काय’ हे सांगायला शिकवलं होतं, तो कसा आहे हे कुणालाच विचारलं नव्हतं.

“परीक्षेत गप्प बस,” त्या शेवटी म्हणाल्या. “काही विचारलं तरी तोंड उघडू नकोस.”

“घरचे पुन्हा परीक्षेला बसवतील.”

“बसवतील,” आपा म्हणाल्या. त्यांनी खडूचे हात झटकले.

परीक्षेच्या खोलीत एक परकी बाई आणि आवाज टिपणारं यंत्र, एवढंच होतं. अब्बांना बाहेर बसवलं होतं. बाईने नाव विचारलं, लुत्फा गप्प. गाव विचारलं, तरी गप्प. मग बाई हलक्या आवाजात म्हणाली, “तुझ्या घरच्यांबद्दल काहीही सांग. तुला हवं ते.” आणि ती वाट बघत राहिली.

लुत्फाच्या उत्तराची अशी वाट आजवर कुणी बघितली नव्हती. तिला राहवलं नाही. तिने इंग्रजीत सांगितलं की माझ्या नवऱ्याला स्वतःची आंघोळ करता येत नाही. त्याला कुणी विचारलं नाही, मला कुणी सांगितलं नाही. मला तिथे जायचं नाही.

काहीतरी बोलायला बाईने तोंड उघडलं, मग यंत्राकडे पाहून मिटलं. तिचं काम भाषा तपासायचं होतं, आणि भाषा बिनचूक होती. लुत्फा पास झाली.

मोशाहिद मियाँनी जिलब्या आणल्या, शेजारपाजार बोलावला, मानाने दिलारा आपांनाही बसवलं. पुढचं घर त्या दिवशी पाहुण्यांसाठी उघडलं होतं.

“बोल गं, परीक्षेत बोललीस तसं बोलून दाखव,” अब्बा फुशारकीने म्हणाले. “ऐकू दे सगळ्यांना.”

लुत्फा उभी राहिली. वडीलधाऱ्यांसमोर मुलीने लग्नाबद्दल तोंड उघडण्याची आमच्यात पद्धत नाही. पण इंग्रजी बोलण्याचा तर हुकूमच झाला होता. ती तेच बोलली, एक शब्द न गाळता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“मेमसाहेबच झाली की,” शेजारची म्हातारी म्हणाली. “आपा, आम्हा अडाण्यांना सांगा तरी, काय म्हणाली?”

आपांच्या हातात जिलबीची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. अशा कितीतरी घरांच्या जिवावर त्यांचा वर्ग चालत होता. दारातले निम्मे पाहुणे म्हणजे त्यांच्याकडे उद्या येणाऱ्या मुलींचे आईबाप होते. त्यांनी लुत्फाकडे पाहिलं आणि एकेक वाक्य आमच्या बोलीत सांगितलं, हळू, वर्गात सांगत तसं.

टाळ्या वाजवणारे हात जागच्या जागी राहिले.

“काहीतरी चुकतंय आपा तुमचं,” अब्बा कसंबसं म्हणाले.

“माझं आजवर पुष्कळ चुकलं, मोशाहिदभाई. हे बरोबर आहे.”

“आणि अजून एक,” लुत्फा म्हणाली. हे मात्र ती आपल्या भाषेत बोलली. “मी जाणार नाही, अब्बा.”

खोल्या सोडाव्या लागल्या. ते कुटुंब आता अम्मांच्या भावाकडे राहतं आणि मोशाहिद मियाँ मुलीशी कामापुरतंच बोलतात. ‘चांगल्या घरचं वाटोळं केलं’ असं म्हणणारे गावात अजून आहेत, आणि मुहीतला नवी बायको शोधणंही सुरू आहे म्हणतात.

दिलारा आपांचा वर्ग चालू आहे, मुली कमी झाल्या आहेत. नवी मुलगी आली की पहिल्या धड्याआधी त्या तिला आमच्याच बोलीत विचारतात, “तुला जायचंय का?” बहुतेक मुली उत्तराआधी शेजारी बसलेल्या आईकडे बघतात. मग आपा आईला खाली साडीच्या दुकानात जाऊन बसायला सांगतात, दार लावतात, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात.