वीरमतीचा लहान मंत्र

"बाई, मंत्र की तलवार? जल्दी बोला," धर्मराज म्हणाला.

उषाबाई अंकुशनगरला साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. रविवारी दुपारी मात्र कारखान्याच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या धर्मराजच्या क्वार्टरमध्ये त्या वीरमती व्हायच्या. अंगात चिलखत, हातात तलवार आणि जोडीला दोन-चार किरकोळ मंत्र. हा खेळ धर्मराजनं पुण्याच्या होस्टेलमधून आणला होता. गोष्ट तो सांगायचा, आपल्या वीरानं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि जमलं की फसलं हे क्लबातून आणून पातेल्यात टाकलेल्या हौजीच्या सोंगट्यांतून आकडा काढून कळायचं.

खेळणाऱ्यांपैकी साहेबराव पूर्ण जादूगार. आगीचा पाऊस पाडायचा, आणि तोराही तसाच. "तुमचं काईच धड न्हाई बाई. उजेड पाडायचा, रक्त थांबवायचं. ह्याला काय जादू म्हनत्यात?"

बाई हसायच्या. दवाखान्यात तरी त्या दुसरं काय करत होत्या? मोठं काही झालं की पेशंट जालन्याला जायचा. तिथवर तो जिवंत पोचावा, एवढंच त्यांच्या हातात.

आज ख्वाजामियाँचा शेवटचा डाव होता. फिटरच्या नोकरीतून ते रिटायर झाले होते आणि उद्या मुलीकडे मंठ्याला निघणार होते. यांच्या खेळाचा एक नियम होता. मेलेला वीर परत येत नाही; पण खेळणारा गाव सोडून चालला आणि त्याचा वीर जिवंत असला, तर गोष्टीतल्या एखाद्या गावात त्याला घर द्यायचं. वर्षानुवर्षं जपलेला ख्वाजामियाँचा वीर शमशेर आता राक्षसापुढे रक्ताच्या थारोळ्यात पडला होता. म्हाताऱ्याचा चहा तसाच निवून गेला.

वीरमतीकडे एकच मंत्र उरला होता. पण मंत्र म्हणायचा तर तलवार खाली ठेवावी लागे, आणि राक्षस तर समोरच.

"तलवार मारा बाई," ख्वाजामियाँ म्हणाले. "माझं झालं. तुमची कायको मारता?"

"मंत्र," उषाबाई म्हणाल्या. "रक्त थांबवते."

शमशेर वाचला. राक्षसाच्या घावासाठी धर्मराजनं आकडा काढला, पाहिला आणि हळूच म्हणाला, "वीरमती गेली." मागून साहेबरावच्या आगीनं राक्षस संपला आणि नियमाप्रमाणे शमशेरला एका गावात घर मिळालं.

"मी काय, पुढच्या रविवारी नवी करीन," बाई म्हणाल्या.

तो रविवार आलाच नाही. धर्मराजला पुण्यात नोकरी लागली आणि हौजीचे आकडे क्लबात परत गेले. बाईंना त्या दुपारी फार आठवायच्या. केलं त्याचा पस्तावा नव्हता, पण वीरमतीसाठी जीव तुटायचा.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार तीन साली, ख्वाजामियाँ गेल्याचं कळलं, तशा त्या मंठ्याला गेल्या. ख्वाजामियाँच्या मुलीनं, ताहेरानं, पाणी दिलं, नाव विचारलं आणि ते ऐकून ती बघतच राहिली.

"अब्बा पोरांना रोज गोष्ट सांगायचे. शमशेर अन् वीरमतीची. वीरमती म्हंजी तुमीच न्हवं?"

"मग शेवट ठाऊकच असेल तुला. मेली ती."

"कवा? अब्बांच्या गोष्टीत तर न्हाई मेली. शमशेरनं पाठीवर घेऊन आनली तिला. शेजारी-शेजारी ऱ्हातेत दोघं. म्हातारी झाली आता, पन गावात कुनाला लागलं तर पट्टी तीच बांधती."

उषाबाईंना रडू आवरेना. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "गुडघे दुखत असतील गं तिचे."

"न्हाई," ताहेरा म्हणाली. "अब्बा म्हनायचे, तिचं बिलकुल काई दुखत न्हाई."