कुलपात ठेवलेलं वायफाय

मित्रांनो, सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटच्या माळ्यावर, जुन्या झांजांच्या शेजारी, दोन शिंगं उभारून बसलेलं पांढरट डबडं दिसलं तर हसू नका. तो मीच. मी एक जुना, सेवानिवृत्त वायफाय राउटर आहे.

जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पण संस्कार झाले ते रंगनाथराव आणि द्वारकाबाईंच्या घरी. त्यांची तनुजा हडपसरच्या आयटी कंपनीतून थेट अमेरिकेला गेली, तेव्हा तिचं तोंड दिसावं म्हणून मला आणलं. द्वारकाबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. पाणीही शिंपडणार, तोच माझे दिवे लुकलुकले. "अगंबाई, जागृत आहे हो!" म्हणत त्यांनी हात जोडले, म्हणून मी वाचलो.

कीर्तनकार बुवा एका जागी उभे राहतात आणि आवाज पार शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचतो ना, माझंही तसंच. टेबलावर उभं राहून मी साऱ्या घराला ऐकू जाई. अडचण एवढीच, की भिंतीपलीकडच्या महिपतरावांकडेही जाई. त्यांचा पियुष दिवसभर सिनेमे उतरवी आणि इकडे तनुजा बोलता बोलता दगडाची मूर्ती होई.

रंगनाथरावांनी दारावर पाटी लावली: 'आमचे वायफाय आमच्यापुरते आहे. शेजाऱ्यांनी स्वतःचे घ्यावे.'

महिपतराव ती शांतपणे वाचून म्हणाले, "रंगनाथराव, आम्ही कुठे बोलावतो त्याला? तेच येतं न विचारता. आधी त्याला शिस्त लावा."

झालं! रंगनाथरावांनी लोखंडी कपाटाला मागून भोक पाडलं, वायरी आत घेतल्या, मला चांदीच्या भांड्यांशेजारी बसवलं आणि कपाटाची किल्ली जानव्याला अडकवली. पियुषचे सिनेमे बंद पडले. रंगनाथराव खूश! त्या दिवसांत तनुजा बाळंतीण. बोलणं फोनवरच चालायचं. त्यामुळे आपलंही वायफाय गेलंय, हे कुणाच्या गावी नव्हतं.

मग आलं नातीचं बारसं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे द्वारकाबाईंना अमेरिकेला जाता आलं नव्हतं. पाळणा मात्र आजीने म्हणायचा, एवढंच त्यांनी लेकीकडे मागून घेतलं होतं. रामजन्माच्या कीर्तनात ऐकून ऐकून शिकलेला पाळणा! आठवडाभर त्या ज्येष्ठमध चघळत होत्या.

तिकडची सकाळ, इकडची संध्याकाळ. शेजारधर्म म्हणून महिपतरावही घुगऱ्या खायला आले. कपाटाच्या मागच्या भोकातून माझा आवाज कसाबसा बाहेर आला आणि लॅपटॉप लागला. बाळाची आत्या वाकली, कुर्रर्र झालं, आणि नाव सांगायला तिने जे तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. नाव वाटेतच अडकलं.

"तनुजा, मोठ्यानं बोल!" रंगनाथराव पडद्यावर ओरडले.

"ओरडून काय होणार? अमेरिका तशीही ऐकत नाही कुणाचं," महिपतराव घुगऱ्या चावत म्हणाले.

कपाटात मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पण लोखंडापलीकडे शब्द जाईना. द्वारकाबाईंचे डोळे भरले. "अहो, नावच कळलं नाही, तर पाळण्यात घालू काय?" त्या म्हणाल्या. मग एकदम उठल्या. "किल्ली द्या आधी. त्या बिचाऱ्याला कोंडलंत ना, ते पाहते."

त्यांनी दार उघडून माझ्यावर हात ठेवला. "अगंबाई, ताप भरलाय की याला!" मला उचलून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि पदराने वारा घातला. तत्क्षणी आत्याचं तोंड मिटलं.

"आई, दिसलीस! काय केलंत?" तनुजा म्हणाली.

"कपाटातून काढलं."

"कपाटात? बाबा, वायफायला पासवर्ड घालतात, कुलूप नाही!"

नाव कळलं: अपेक्षा. द्वारकाबाईंनी डोळे मिटून सूर लावला. महिपतरावांनी वाटी खाली ठेवून टाळ्यांचा ठेका धरला. मीही एकेक मात्रा जपून समुद्रापार नेली.

पाळणा संपला आणि चित्र पुन्हा थांबलं. कुणी हलेना. रंगनाथराव माझी वायर उपटायला धावले.

"बाबा, हात लावू नका," तनुजा कुजबुजली. "नेट चालू आहे. बाळ झोपलंय, म्हणून आम्हीच हलत नाही."

मित्रांनो, माझ्या धाकट्या भावंडांना उंच, मोकळी, घराच्या मध्यावरची जागा द्या. त्यांच्यावर पाणी शिंपडू नका. तापली तर घटकाभर बंद करून विसावा द्या. पासवर्ड घाला, फक्त तो पाटीवर लिहू नका. आणि एवढं करूनही कधी चित्र थांबलं, तर लगेच वायर उपटू नका. पलीकडे बाळ झोपलेलं असेल.