कंपनीच्या आवारातली सुट्टी

नणंद-भावजयीने मिळून नवी कोरी कॅम्पर व्हॅन घेतली, तेव्हा नणंदेला निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता. तीस वर्षं तिने दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. भावजयीने आपलं लाँड्रीचं दुकान लेकीच्या हवाली केलं आणि दोघी समुद्राच्या वाटेला लागल्या.

पहिल्याच मुक्कामी कपाटाचं दार भावजयीच्या हातात आलं. नळ सोडला तर पाणी बेसिनमध्ये कमी आणि गादीखालच्या खणात जास्त. पहाटे एक सर आली, तर छताच्या खिडकीतून थेंब नेमके नणंदेच्या कपाळावर. इतक्या हौसेने घेतलेली पहिलीवहिली गाडी! भावजयीला रडूच फुटलं.

गाडी तशीच कंपनीच्या दुरुस्तीच्या आवारात नेली. तिथे अशाच नव्या सहा गाड्या आधीपासून उभ्या होत्या आणि मेकॅनिक एकटा. नवी खिडकी यायला दहा दिवस लागतील, गाडी ठेवून जा, असं तो खाली बघत म्हणाला. जाणार कुठे, आम्ही गाडीतच राहू, असं नणंदेने सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने कपाट उघडून पाहिलं. स्क्रू पातळ फळीत नुसते टेकवलेले, मागे त्यांना धरायला लाकूडच नाही. कवळी केसभर हलली तरी लोक परत येऊन डोकं खातात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिने मेकॅनिककडून लाकडाचे तुकडे मागून घेतले, कानशीने घासून चपखल बसवले आणि दार लावून पाहिलं. टक्‌कन बंद झालं.

बाकीच्या गाड्यांचे मालकही असेच गाडीत मुक्काम ठोकून होते. त्यांतला शेजारच्या गाडीतला बस ड्रायव्हर डोकावला. त्याच्या कपाटांचीही तीच गत होती. मग काय, नणंद या गाडीतून त्या गाडीत. भावजयीने दोन गाड्यांमध्ये दोरी बांधून सगळ्यांचे भिजलेले अभ्रे धुऊन वाळत घातले. संध्याकाळी खुर्च्या बाहेर यायच्या, पत्ते रंगायचे. पाचव्या दिवशी मेकॅनिकही येऊन बसला आणि सपाटून हरला. कारखान्यात एका गाडीला धड एक दिवसही देत नाहीत, हे त्याने पानं पिसता पिसता कबूल केलं. नणंदेने सातही गाड्यांमधल्या चुका लिहून काढल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तो कागद कंपनीच्या मॅनेजरच्या हातात दिला.

दहाव्या दिवशी खिडकी आली. ती बसवून झाल्यावर नणंदेने शिडीवर चढून वरून बादलीभर पाणी ओतलं. आत भावजय तळवे पसरून उभी होती. एक थेंब पडला नाही.

"वन्सं, निघायचं ना आता?" तिने विचारलं, पण आवाजात उत्साह नव्हता.

"ड्रायव्हरची गाडी परवा होतेय," नणंद म्हणाली. "समुद्र कुठे पळून जात नाही. थांबू की, बरोबरच जाऊ."

दोन दिवसांनी ड्रायव्हरची गाडी झाली, तशा दुरुस्त झालेल्या चार गाड्या एकामागोमाग बाहेर पडल्या. दुपारी एका वळणावर समुद्र दिसला तसा ड्रायव्हरने हॉर्न दिला. मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर भावजय होती. तिने हॉर्नवर जो हात ठेवला तो किनारा येईपर्यंत काढलाच नाही.