मेंढीची पाठ

माझ्या बायकोचं, अनसाबाईचं खाणं चार महिन्यांपासून कमी होत गेलं होतं; पंधरवडा झाला, तिच्या घशातून पाणीसुद्धा नीट उतरत नव्हतं. दौंडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, आता घरीच न्या." मुलाला आणि सुनेला मी ते सांगितलं. नात प्रगती सातवीत. तिला सांगायचं मात्र टाळलं. ती यवतच्या शाळेतून आली की आजीला पेज भरवायला बसायची. आजी दोन चमचे तोंडात धरायची आणि मान फिरवायची.

परवा प्रगतीनं मला मेंढ्यांपाशी गाठलं. "आबा, आजी काय खातच न्हाई. मग जगती कशाच्या जिवावर?"

जन्म शिकवण्यात गेला. प्रश्न आला की मला राहवत नाही. तिचा हात मी एका मेंढीच्या कमरेवर ठेवला. माझे वडील असंच चाचपून बघायचे. पावसाळ्यात चारा भरपूर असतो. गरजेपेक्षा जास्त खाल्लेल्या चाऱ्याची शरीर चरबी करतं आणि ती कातडीखाली, पोटात ठेवून देतं. मग मणका हाताला लागत नाही. उन्हाळ्यात रान वाळलं की तीच चरबी थोडी थोडी सुटून रक्तात येते, आणि तिच्यावर मेंढी चालत राहते.

वापरलेली चरबी जाते कुठं, असं तिनं विचारलं. बरीचशी श्वासावाटे, मी म्हणालो, थोडी पाणी होऊन.

"म्हंजी आजीचा डबा आतच हाय," ती हसली. "आन् तुमच्या डब्यापेक्षा मोठा."

दुखण्याआधी अनसाबाई अंगानं भरलेली होती खरी. मीही हसलो, आणि शिकवण्याच्या भरात पुढचं सांगून बसलो. मणक्याची टोकं बोटांना टोचायला लागली, की मेंढीपाशी काही उरलेलं नसतं. तशी मेंढी वडील कळपाबरोबर चालवत नसत.

संध्याकाळी सून कामात होती, म्हणून प्रगतीच आजीच्या पाठीला तेल लावायला बसली. मी दारात होतो. तिचा हात कमरेपाशी आला आणि थांबला. अंगठा मणक्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. मी शिकवलं होतं तसंच.

"थांबलीस का गं?" अनसाबाई म्हणाली. "गार लागतंय."

प्रगतीनं पुन्हा तेल चोळलं, फार हलक्या हातानं. मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली.

"आबा, तुम्हाला ठावं व्हतं."

"व्हय," मी म्हणालो.

पेजेची वाटी तिनं चुलीपाशीच राहू दिली. ती आत गेली, आजीच्या उशाशी बसली आणि तिच्या नाकाजवळ तेलकट तळवा धरून बसून राहिली.